आधी पूर्वपक्ष नीट मांडा

प्रश्न थोडक्यात असा: 'मी उघडपणे एका पक्षाच्या बाजूनं लिहितो आणि जाहीर चर्चांत बोलतो. विरोधक म्हणतात माझी भाषा विखारी आहे. जरा सौम्य लिहिलं की आपलेच लोक मिळमिळीत म्हणून हिणवतात. एकदा बाजू घेतली की रास्तपणाची अपेक्षा करण्यातच चूक नाही का? आणि समोरचा धडधडीत खोटं बोलत असेल तर त्याच्याशी सभ्यतेनं का वागायचं?' सोबत एका लेखाचा मसुदा जोडलेला आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

वीसेक वर्षं मी वर्तमानपत्रात मतांचं पान सांभाळलं. दोन्हीकडच्या लेखकांची कॉपी, म्हणजे छपाईसाठी आलेला मजकूर, कापली, जाहीर वादांचं सूत्रसंचालन केलं, स्वतःही एका बाजूनंच लिहिलं. त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, ती आधी सोडवू या. सभ्यता म्हणजे तुम्ही कसं बोलता. रास्तपणा म्हणजे समोरच्याच्या म्हणण्याचं तुम्ही काय करता. 'माझे सन्माननीय मित्र' अशी सुरुवात करून त्या मित्राच्या तोंडी त्यानं कधी न उच्चारलेलं वाक्य घालणारे मी कितीतरी पाहिलेत. उलट टेबल बडवून, आवाज चढवून बोलणारा एक जुना कार्यकर्ता आठवतो. तो विरोधकांचा मुद्दा इतका चोख मांडायचा, की विरोधकच वही काढून टिपून घ्यायचे. मला विचाराल तर या दोघांत भरवशाचा तो टेबल बडवणाराच. शिवी निदान शिवी म्हणून ओळखू तरी येते.

बाजू घेण्यात काही गैर नाही. वकील एका बाजूचाच असतो, त्यानं कोर्टाचं काम अडत नाही. फक्त साक्षीदाराच्या जबानीतली ओळ खोडायची मुभा त्याला नसते. वाचकाला तुमची बाजू ठाऊक असली की तो आपल्या हिशोबानं वजावट करून वाचतो. ती लपवली तर फसवणूक. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते पुढं. 'वितंडवाद' हा शब्द आपण कुठल्याही कटकटीच्या भांडणाला लावतो, पण न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, त्याला नेमका अर्थ आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार येतात: खरं काय ते ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ती वितंडा. राजकीय बोलणं बहुतेक वेळा जल्प असतं. त्याची लाज वाटायचं कारण नाही, निवडणूक जिंकण्यासाठीच लढवतात. घसरगुंडी असते ती वितंडेकडे. तुमचे शेवटचे दहा लेख काढा आणि 'मग आमचं म्हणणं काय' हे त्यातल्या किती लेखांत सांगितलंय ते मोजा. मी माझे एकदा मोजले होते. आकडा सांगत नाही.

त्याच सूत्रांत 'छल' येतो, म्हणजे समोरच्याच्या शब्दाला त्याला नको असलेला अर्थ चिकटवून त्याला पाडणं. त्याचं नेहमीचं उदाहरण मजेदार आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्या अंगावर नवं कांबळं आहे. संस्कृतात 'नव' म्हणजे नऊसुद्धा. समोरचा लगेच म्हणतो, 'नऊ कुठायत? एकच तर दिसतंय!'

आता हा छल कात्रीनं होतो. माझ्या हातून झालेलाच सांगते. एका नेत्याच्या भाषणातलं वाक्य मी लेखात वापरलं: 'या लोकांना मदत देऊन उपयोग नाही.' त्याआधी तो म्हणाला होता, 'आमच्यातलेच काही जण म्हणतात की,' आणि पुढची पाच मिनिटं त्यानं त्याच मताचा समाचार घेतला होता. माझ्याकडे आलेल्या तुकड्यात आधीचंही नव्हतं, नंतरचंही नव्हतं. घाईत झालं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं असं, की ते वाक्य माझ्या बाजूला सोयीचं होतं, म्हणून पूर्ण भाषण मागवायचं मला सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, तीही आतल्या पानावर चार ओळींत. लेख वाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ती नजरेस पडली असेल? तेव्हापासून दोन नियम पाळते. अवतरणाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अवतरण वापरायचं नाही. आणि चूक ज्या जागी झाली, दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

न्यायसूत्रांत वाद हरल्याच्या खुणाही दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, आणि ती २२ आहेत. त्यातली दोन मी आमच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवली होती.

पहिलं अननुभाषण. प्रतिपक्षानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, तरीही तुम्हाला ते पुन्हा मांडून दाखवता आलं नाही, की तुम्ही हरलात. उत्तर कितीही फर्डं असो. गेम थिअरीत, म्हणजे डावपेचांच्या गणिती अभ्यासात, काम केलेल्या अनातोल रॅपोपोर्ट यांनी १९६० मध्ये जवळपास हीच अट घातली: समोरच्याची भूमिका अशी मांडा, की तो म्हणाला पाहिजे, 'हो, मला हेच म्हणायचंय.' त्याच्याही पुढं जाऊन ते म्हणतात, समोरच्याचं म्हणणं कुठल्या परिस्थितीत खरं ठरेल तेही सांगा. ही दुसरी पायरी जड जाते, पण खरा फायदा तिथंच आहे. 'कर वाढवला तर उद्योग निघून जातील' हे विरोधकांचं म्हणणं कधी खरं ठरेल? उद्योग सहज हलवता येण्याजोगा असेल, आणि शेजारी कमी कर असेल तेव्हा. झालं, आता भांडण 'तुम्ही श्रीमंतांचे दलाल' यावरून 'आपल्याकडचे उद्योग हलण्याजोगे आहेत का' यावर आलं. या प्रश्नावर तुम्ही जिंकूही शकता.

हे करायची साधी रीत सांगते. समोरच्याची बाजू, म्हणजेच पूर्वपक्ष, मांडणारा परिच्छेद लिहून झाला, की त्या बाजूच्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा आणि तेवढाच परिच्छेद वाचून दाखवायचा. आपला निष्कर्ष सांगायचा नाही. माझा असा एक ठरलेला माणूस होता. आमचं एकाही मुद्द्यावर पटत नसे. तो 'हं' म्हणाला की परिच्छेद छापायचा. तो हसला की पुन्हा लिहायचा.

दुसरं निग्रहस्थान मतानुज्ञा. आपल्या बाजूवर दोष ठेवला गेला, तो न निस्तरता 'तुमच्यातही हाच दोष आहे' एवढंच म्हटलंत, तर आपला दोष तुम्ही कबूल केलात असं धरलं जाई. आज जाहीर चर्चेत अर्धा वेळ याच्यावर जातो. 'तुमच्या काळात काय झालं?' हे उत्तर वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काय पडतं? दोघंही तसलेच. मात्र इथं एक बारकावा आहे. समोरचा स्वतःच 'आमच्या राज्यात असं कधीच घडलं नाही' म्हणाला असेल, तर जुना दाखला काढणं अगदी रास्त आहे. कारण आता त्याचा दावाच तपासायचा आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी आपल्यावरच्या आरोपाचं उत्तर, मग तुलना. उत्तर नसेल तर 'ही आमची चूक झाली' असं म्हणून तुलनेकडे जा. हे वाक्य उच्चारताना आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, कुंपणावरचा श्रोता मात्र पहिल्यांदाच कान टवकारतो.

आता तुम्ही म्हणाल, मी प्रामाणिक आहे, मनात खोट नाही, मग एवढ्या युक्त्या कशाला? कारण 'मी निःपक्ष राहीन' असं ठरवण्याचा उपयोग होत नाही, हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. १९७९ मध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे २४ समर्थक आणि २४ विरोधक विद्यार्थी घेतले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक शिक्षेच्या बाजूचा, एक विरोधातला. प्रत्येकाला आपल्या मताशी जुळणारा अभ्यास भक्कम वाटला, दुसऱ्यात उणिवा सापडल्या, आणि वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मतावर आधीपेक्षा घट्ट झाल्याचं सांगू लागले. पुढं १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी त्यात भर घातली. काहींना सांगितलं, न्यायाधीशासारखे निःपक्ष राहा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या काहींना सांगितलं, दर टप्प्यावर स्वतःला विचारा: हाच अभ्यास याच पद्धतीनं केलेला असता, पण निष्कर्ष उलटा निघाला असता, तर मी त्याला असंच मोजलं असतं का? यांच्यात मात्र कल नाहीसा झाला. उपदेश वाया गेला आणि एक साधा प्रश्न कामाला आला.

लेखनात हा प्रश्न विचारायचा म्हणजे नावं बदलायची. लेख पुरा झाला की त्याची एक प्रत काढा. जिथं विरोधी पक्षाचं नाव आहे तिथं आपल्या पक्षाचं घाला, आपलं आहे तिथं त्यांचं. मग मोठ्यानं वाचा. आमच्याकडे एका लेखकाच्या कॉपीवर मी हे करून दाखवलं, तेव्हा तो पहिल्याच परिच्छेदाला थांबला. त्याच्या लेखात आपले नेते 'म्हणाले' होते आणि विरोधक 'बरळले' होते. आपल्यांनी 'खुलासा केला', त्यांनी 'सारवासारव केली'. आपल्याकडे येणाऱ्यांचा 'प्रवेश' झाला, तिकडे जाणाऱ्यांनी 'पलटी मारली'. आपली 'युती', त्यांचं 'साटंलोटं'. आपल्या सभेला 'जनसमुदाय' लोटला, त्यांच्या सभेला 'जमाव' जमला. आपले 'कार्यकर्ते', त्यांचं 'टोळकं'. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याचा इतका सुबक नमुना मी तोवर पाहिला नव्हता. गंमत म्हणजे त्या लेखात एकही अपशब्द नव्हता. सभ्यतेच्या कसोटीला तो शंभर टक्के उतरला असता.

मी त्याला क्रियापदं बदलायला सांगितली, विशेषणांना हात लावू दिला नाही. अप्रामाणिकपणा बहुतेक वेळा क्रियापदात लपलेला असतो. विशेषण दिसतं, वाचक सावध होतो. 'सारवासारव केली' हे मात्र बातमीसारखं आत शिरतं.

समोरचा खोटं बोलत असेल तर? मग तसं लिहा. रास्तपणासाठी खोट्याला 'वेगळा दृष्टिकोन' म्हणायची गरज नाही, आणि एका बाजूला पुरावा आणि दुसरीकडे अफवा असताना दोघांना निम्मी निम्मी जागा देणं हा तर सरळ वाचकावर अन्याय. पण 'चुकीचं' आणि 'खोटं' यांत अंतर आहे. 'खोटं' म्हणण्यासाठी बोलणाऱ्याला खरं माहीत होतं हे दाखवावं लागतं. मी तीन गोष्टी पाहायचे: तो नेमकं काय बोलला, नोंदींत काय आहे, आणि हे त्याच्या निदर्शनास आणून दिल्यावरही तो तेच बोलला का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर बिनदिक्कत 'खोटं' लिहा. न आल्यास 'चुकीचं' पुरतं, आणि चुकीचं ठरणंही राजकारण्याला काही कमी लागत नाही.

याहून घसरडी जागा हेत्वारोपाची, म्हणजे समोरच्याला वाईट हेतू चिकटवण्याची. माणूस काय बोलला हे कागदावर असतं, का बोलला हे त्याच्या पोटात. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतला ३५२ वा नियम सदस्यांना एकमेकांवर हेत्वारोप करायला आणि प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला मनाई करतो. अपवाद एवढाच, की तो हेतू हाच चर्चेचा विषय असेल किंवा त्याच्याशी निगडित असेल, आणि त्याशिवाय चर्चा होऊच शकत नसेल. पुढचा ३५३ वा नियम म्हणतो, कुणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पुरेशी आधी सूचना द्या. सभागृहात हे किती पाळलं जातं ते बाजूला ठेवा. नियम म्हणून दोन्ही पक्के आहेत, आणि लिहिणाऱ्यानं ते आपल्या टेबलावर आणावेत. हेतू हा विषय असेल, उदाहरणार्थ निर्णय घेणाऱ्याचा त्यात पैशाचा संबंध असेल, तर हेतूवर लिहा आणि कागद दाखवा. नसेल तर सोडून द्या. आणि आरोप करण्याआधी त्या माणसाला विचारा. पान छपाईला जायच्या दहा मिनिटं आधी फोन करून 'प्रतिसाद मिळू शकला नाही' लिहिणं ही आमच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे. तिला विचारणं म्हणत नाहीत.

आता सभ्यतेबद्दल, आणि इथं मी तुमच्या विरोधकांवरही थोडी चिडणार आहे. 'भाषा सांभाळा' ही मागणी कोण कुणाला करतो ते नेहमी पाहावं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय, की जहाल भाषेवरची बंदी प्रत्यक्षात अल्पमताच्या वाट्याला येते; बहुमतानं तीच भाषा वापरली तर तिला सात्त्विक संताप म्हणून शाबासकी मिळते. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला 'सूर जरा खाली' असं सुनावणं हा पुष्कळदा मुद्दा टाळण्याचा सोपा मार्ग असतो. म्हणून रागाला मनाई नाही. मनाई आहे ती लबाडीला.

दोन्ही एकत्र कसं जमतं याचा मला माहीत असलेला सगळ्यात लखलखीत दाखला डॉ. आंबेडकरांचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांचं अध्यक्षीय भाषण रद्द केलं, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी ते 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वतःच्या खर्चानं छापलं. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींची ती टीका छापली आणि तिच्यासोबत आपलं उत्तर. उत्तर मवाळ नाही, काही ठिकाणी ते अक्षरशः सोलून काढतं. पण वाचकाला गांधी काय म्हणाले हे आंबेडकरांच्या शब्दांवर विसंबून कळत नाही. गांधी तिथं स्वतः बोलतात. जहाल असावं तर असं.

समोरासमोरच्या चर्चेत मात्र सूर स्वतःच परिणाम करतो, हेही सांगायला हवं. डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नट घेऊन उमेदवारांचे वाद चित्रित केले. मुद्दे तेच, एका रूपात शांतपणे, दुसऱ्यात डोळे फिरवणं, उसासे टाकणं, मधेच तोडणं. असभ्य रूप लोकांना जास्त रंगतदार वाटलं, आणि तेच पाहून राजकारणावरचा त्यांचा विश्वास कमी झाला. म्हणजे तुमच्या डोळे फिरवण्यानं समोरच्याचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच तुम्ही दोघं उभे आहात त्या व्यासपीठाचंही होतं. माझी सूत्रसंचालकांना एवढीच सूचना असे: वाक्य पुरं होऊ द्या. पंधरा सेकंदांत कुणाचं राज्य जात नाही.

'दोन्ही बाजू माझ्यावर नाराज आहेत, म्हणजे मी रास्त असणार,' असं समाधान करून घेणारेही भेटतात. १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक प्रेक्षकांना दाखवल्या. त्याच चित्रफिती पाहून दोन्ही गटांना बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. रॉबर्ट व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ मध्ये हे मांडलं. कट्टर माणूस रास्त बातमीवरही नाराज होतो आणि वाईट बातमीवरही. त्याच्या नाराजीवरून आपल्या लेखाचं माप काढता येत नाही. हेच तुमच्या 'मिळमिळीत' म्हणणाऱ्या मंडळींना लागू आहे. ते तुमचे मतदार आधीपासूनच आहेत. त्यांना टाळ्या वाजवायच्या असतात, त्यात वाईट काही नाही, पण लेख त्यांच्यासाठी लिहायचा का हे एकदा ठरवून टाका.

आता तुमचा मसुदा. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय: 'नेहमीप्रमाणे विरोधकांनी गरिबांच्या तोंडचा घास काढून घेण्यासाठी या विधेयकाविरुद्ध मतदान केलं.' आणि मसुद्याच्या तळाशी, स्वतःसाठी केलेल्या टिपणात, तुमच्याच हस्ताक्षरात आहे, की लाभार्थी ठरवण्याचे सगळे अधिकार एका अधिकाऱ्याला देणाऱ्या कलमाला त्यांनी दुरुस्ती सुचवली होती आणि ती फेटाळली गेली. म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं. ते टिपणातून लेखात आलं नाही, एवढंच. मी असं लिहीन:

'विरोधकांनी विधेयकाविरुद्ध मतदान केलं. लाभार्थी कोण हे एकाच अधिकाऱ्यानं ठरवावं, हे कलम त्यांना मान्य नव्हतं. त्यांची दुरुस्ती फेटाळली गेली. त्या कलमाबद्दलची शंका रास्त आहे. पण छप्पर एका जागी गळतं म्हणून घरच पाडायला निघालेल्यांना, पावसात उभ्या असलेल्या माणसाची काळजी आहे असं म्हणता येत नाही.'

शेवटचं वाक्य तुमच्या मूळ वाक्यापेक्षा जास्त झोंबतं, आणि त्याला उत्तर द्यायला समोरच्याला मतदानाबद्दलच बोलावं लागेल. 'काढून घेण्यासाठी' मी काढलं, तो हेत्वारोप होता. 'नेहमीप्रमाणे'ही काढलंय. ते ठेवायचंच असेल तर मागच्या मतदानांच्या तारखा द्या. दोनच सापडल्या तर 'याआधी दोनदा' लिहा.